देशकरबाईंचा उजवा कोपरा

देशकरबाईंचं मासिक हातात आलं की सगळ्यांत आधी चूक वाचायला मिळायची.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. तशी सोयच होती. 'वसाहत' नावाचं ते सोळा पानी वृत्तमासिक बाई अशा घडीनं दुमडायच्या की पहिल्या पानाचा उजवीकडचा खालचा कोपरा वर यायचा, आणि त्या कोपऱ्यात गेल्या अंकातल्या चुका असायच्या. मासिकाचं नाव आत, मथळे आत, महिना आत. वर फक्त चुका. पोस्टमन, शेजारी, घरी आलेला पाहुणा, ज्याची नजर पडेल त्याला आधी कळायचं की या लोकांनी गेल्या महिन्यात काय काय चुकीचं छापलं. स्वतःची इतकी बदनामी स्वतःच्या खर्चानं करणारं दुसरं मासिक मी पाहिलेलं नाही.

बाई कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेलं यंत्राचं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचं, म्हणजे त्याच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात, हे ट्रेसरचं काम. नोकरीभर बाईंनी तेच केलं. अशा प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. काढलं कोणी, गिरवलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर कोणी केलं, आणि नंतर कोणते बदल झाले, सगळं तिथे. कागदाची घडी अशी घालतात की कपाटातून ओढला की ती चौकटच समोर यावी.

"बदल न पाहता ड्रॉइंग उघडलं की जुन्या मापाचा पार्ट बनते," बाई सांगायच्या. "मग तो पार्ट कोणाच्या गळ्यात बांधता?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी मासिक काढलं आणि तीच चौकट उचलून पहिल्या पानावर ठेवली. तीन रकाने: काय छापलं, काय आहे, कोणी सांगितलं. खाली 'मंजुरी' असा एक चौथा, तो कायम कोरा. कारखान्याच्या प्रसिद्धी खात्यातले एक साहेब एकदा कागद पुरवायला तयार झाले होते. बाईंनी त्यांना चहा दिला, कोथिंबीर भरलेली पुडाची वडी दिली आणि तो कोरा रकाना दाखवला. "ही जागा अशीच राहणार आहे, साहेब. तेवढं चालत असेल तर कागद पाठवा." कागद आला नाही. साहेबांनी वडी मात्र दुसऱ्यांदा मागून घेतली, असं बाई नंतर कौतुकानं सांगत.

बातम्या लिहायच्या म्हणून त्यांनी कारखान्याच्या वसाहतीतलं क्वार्टर मुदतीच्या आधीच सोडलं आणि भिंतीच्या पलीकडे साकेत नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. "ज्यांच्या नळाचं पाणी प्यायचं त्यांच्याच नळाची बातमी कशी करता येईल बापा?" मूळच्या नागपूरच्या. वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, तेव्हापासून इथल्याच. उंच, आणि बोर्डावर वाकून वाकून पाठ बोर्डाच्याच कोनात बसलेली. पर्समध्ये कंगवा नसेल, पण स्टीलची पट्टी असायची. ती पर्सपेक्षा लांब, म्हणून चेन कधी पूर्ण लागायची नाही. काडेपेटीत अर्धं ब्लेड. पूर्वी ते कागदावरची चुकलेली शाई खरवडायला असायचं. आता त्यानं दुधाच्या पिशवीपासून वाढदिवसाच्या केकपर्यंत सगळं कापलं जायचं.

आणि तोंडात एकच प्रश्न: "कोणी सांगितलं?" आज उकडतंय म्हटलं तरी त्या विचारायच्या, "कोणी सांगितलं?"

मी भोपाळला आलो तो बायकोच्या नोकरीमुळे. पुण्यात मी पुस्तिका, माहितीपत्रकं यांची पानं मांडून द्यायचो; तिला इथे कारखान्यात इंजिनिअरची जागा मिळाली, तिच्या नावानं क्वार्टर मिळालं, आणि कागदोपत्री मी तिचा आश्रित झालो. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना मी 'साठे मॅडमचे मिस्टर'. मला ते आवडायचं. मी मुळातच कमी बोलणारा, आणि बिननावाच्या माणसाला सहसा कुणी काही विचारत नाही. बाईंवर लिहायचं इतकी वर्षं टाळलं ते त्याच कारणानं. त्यांच्याविषयी सांगायचं म्हटलं की एका जागी मलाही तोंड उघडावं लागतं.

पण आधी कोपऱ्याची कीर्ती सांगतो.

एकदा 'वसाहत'मध्ये बातमी आली की ए सेक्टरला दोन दिवस पाणी नाही. ए सेक्टरनं बादल्या भरल्या, पिंपं भरली, आंघोळीचे टब भरले. एका घरी गणपतीसाठी ठेवलेला नवा हंडाही भरला. प्रत्यक्षात पाणी गेलं सी सेक्टरचं, आणि ते बेसावध. पुढच्या अंकापर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून बाईंनी नुसता कोपराच वेगळा छापून घेतला आणि घरोघर वाटला. काय छापलं: ए सेक्टरला पाणी नाही. काय आहे: सी सेक्टरला नाही. कोणी सांगितलं: सी सेक्टरनं, फार मोठ्यानं. आणि खाली एक ओळ: 'ए सेक्टरच्या वाचकांनी आमच्या चुकीमुळे भरलेलं पाणी कृपया सी सेक्टरला नेऊन द्यावं.' लोकांनी खरंच नेलं. स्कूटरवर पिंप, दोघांत एक टब, अशी मिरवणूक निघाली. त्यातून एक लग्न जुळलं म्हणतात, पण ते बाईंनी छापलं नाही. पडताळा मिळाला नव्हता.

दुसऱ्यांदा मोदकांच्या स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या एका बाईंना पहिलं छापलं. त्या स्वतः साकेत नगरला जिने चढून आल्या.

"देशकरबाई, एवढी दुरुस्ती नका हो लावू. सासूबाईंनी पहिल्यांदा माझं कौतुक केलंय. मी पेढेसुद्धा वाटले."

"मलाही मिळाला. छान होता."

"मग?"

"मग काय? पेढ्यात तुम्ही पहिल्या, मोदकात तिसऱ्या. दोन्ही छापते."

आणि छापलं.

यामुळे झालं असं की लोक पेन्सिल घेऊन 'वसाहत' वाचू लागले. चूक सापडली की तिसऱ्या रकान्यात आपलं नाव येणार! कित्येकांचं नाव आयुष्यात छापून आलं ते तेवढंच. या सगळ्यांचे राजे म्हणजे टेंभेकर. अमरावतीचे, वर्कशॉपमध्ये तपासनीस होते, निवृत्तीला टेकलेले. हातात भिंग घेऊन ते अंक जाहिरातींसकट वाचत. पार्कातल्या बाकावर त्यांची बैठक असायची आणि लोक त्यांना चूकमास्तर म्हणत. बाई नुसतं तोंडानं "काय त्रास आहे या माणसाचा" म्हणायच्या. टेंभेकरांची चूक आली नाही त्या महिन्यात मात्र त्यांनाच चैन पडायचं नाही. "तब्येत बरी आहे ना त्यांची? जाऊन पाहून या जरा."

पुढे वसाहत रिकामी होऊ लागली. माणसं निवृत्त होत, क्वार्टर सोडत, मुलांकडे पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला जात. अंक परत येऊ लागले. गोविंदपुऱ्याच्या प्रेसवाल्यानं सांगितलं, "दीदी, इतनी कम कॉपी में तो मशीन की स्याही भी नहीं भीगती." मासिक बंद करायचं किंवा गेलेल्या लोकांपर्यंत मोबाइलवर पोचवायचं, दोनच वाटा उरल्या. तेव्हा बाई गुंडाळी केलेला कागद घेऊन आमच्या दारात आल्या.

"मॅडमचे मिस्टर आहेत का?"

"मीच."

"तुम्ही पानं लावता म्हणे. कोणी सांगितलं ते मला माहीत आहे, तुमच्या मॅडमनी. मासिक नवं करायचं आहे. छापील पण आणि मोबाइलचं पण. पैसे नाही. वड्या आहे."

मी हो म्हटलं. बाईंना नाही म्हणता येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मला बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात बोलावलं. मला वाटलं, पिशव्या धरायला. पिशव्या धरायच्या होत्याच, पण बाई आल्या होत्या लोकांचे मोबाइल मोजायला. वाचक ज्यावर वाचणार त्या कागदाचं माप हाती नसताना पान कसं मांडणार?

"भैया, मोबाइल दिखाना जरा," त्या भाजीवाल्याला म्हणाल्या.

"क्यों माताजी? सिम बंद हो रही है क्या?"

"नाप लेना है."

"किसका?"

"फोन का. तेरा नाप लेके मैं क्या करूँ?"

भाजीवाल्यानं फोन टोमॅटोवर ठेवला. बाईंनी पट्टी काढली आणि एकच्या रेघेपासून लावली. भाजीवाल्याची नजर पक्की.

"माताजी, एक से क्यों पकड़ी? एक तो आपने खा लिया."

"शून्य घिस गया है. आखिर में एक घटा देती हूँ."

"हमारे तराजू में तो आप कुछ घटाने नहीं देतीं!"

सगळी रांग हसली. बाईही हसल्या, आणि कोथिंबीर फुकट घेऊन पुढच्या गाड्यावर गेल्या. तासाभरानं लोक आपणहून फोन काढून उभे राहू लागले. कुणीतरी अफवा सोडली होती की मापात बसलेल्या फोनला सरकार काहीतरी देणार आहे. बाईंनी घरी येऊन त्यातून एक सरासरी मोबाइल काढला. पूर्ण मापात, शाईनं, बाण आणि आकडे लावून. खाली लिहिलं: 'मोबाइल, साधारण, बिट्टन मार्केट.' काढलं: स. देशकर. तपासलं: मॅडमचे मिस्टर.

मला वाटलं होतं, नव्या रूपावरून भांडणं होतील. झाली नाहीत. आतल्या पानांच्या चार रकान्यांचे मी दोन केले, त्या म्हणाल्या, करा. अक्षर मोठं केलं, त्या म्हणाल्या, आणखी करा, टेंभेकरांचं भिंग सुटेल. बातम्यांभोवतीच्या चौकटी, नक्ष्या, कोयऱ्या सगळं उडवलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मला जरा अपमानच वाटला. पुण्यात मी एकेका कोयरीसाठी लोकांना रडताना पाहिलं होतं.

"सगळं बदला," त्या म्हणाल्या. "कोपरा राहू द्या."

"बाई, मोबाइलला कोपरा नसतो. पान खाली सरकत राहतं."

"कुठवर?"

"संपेपर्यंत."

"मग संपते तिथे कोपरा आला ना."

"तिथवर कुणी जात नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे शेवटपर्यंत कोणी वाचत नाही असं मासिक तुम्ही बनवून राहिले?"

"आणि मोबाइल दुमडताही येत नाही."

"ती त्यांची चूक आहे," बाई म्हणाल्या.

हे निकाली निघायच्या आत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला, बहिणीकडे राहून. जाताना म्हणाल्या, "छापील अंक मी प्रेसला दिला आहे. मोबाइलचा पहिला तुम्ही काढा. कोपरा कुठं ठेवायचा ते तुम्ही पाहा. पण ठेवा."

मी ठेवला. अगदी तळाशी, करड्या रंगात, 'दुरुस्त्या' या एका शब्दावर बोट ठेवलं तरच उघडेल असा. पान किती स्वच्छ दिसत होतं! मला त्या पानाचा अभिमान वाटला होता, हे आता लपवत नाही.

त्या अंकात मोठी बातमी क्वार्टरची होती. निवृत्तांना क्वार्टर आणखी एक वर्ष ठेवता येईल. मात्र घरात कुणी गंभीर आजारी असेल तरच. मोबाइलवर मी प्रत्येक बातमीला एक सुबक चौकोन दिला होता आणि मथळ्याला दोन ओळी. 'मात्र'पासून पुढचं तिसऱ्या ओळीत जायला लागलं. मी ते काढलं. सविस्तर बातमीत अर्थात होतं, पण ती बोट लावल्यावर उघडायची.

सकाळी अंक गेला. टेंभेकर त्याच महिन्यात निवृत्त झाले होते. अमरावतीला जायचा ट्रक ठरला होता, भांडी पोत्यात भरली होती, आणि त्यांना जायचं नव्हतं. पार्कातला बाक सोडून त्यांना कुठंही जायचं नव्हतं. त्यांनी मथळा वाचला, पुन्हा वाचला, ट्रक परत पाठवला, पोती सोडली आणि बाकावर सगळ्यांना जिलबी दिली. एवढी एकच बातमी त्यांनी भिंगाशिवाय वाचली होती, माझ्या मोठ्या अक्षरामुळे.

दुपारी बायकोनं जेवताना विचारलं, "हे एक वर्ष सगळ्यांनाच दिलंय का रे?" मी ताट तसंच ठेवलं. उठलो आणि मथळा बदलला. कागदावर असतं तर ब्लेडनं खरवडावं लागलं असतं, खरवडलेलं दिसलं असतं. इथे काहीच दिसत नव्हतं. बोटं उचलली, झालं. करड्या शब्दामागच्या कोपऱ्यात मी काही लिहिलं नाही. कुणाला कळलंही नसेल, असं म्हणून मी उरलेला भात खाल्ला.

संध्याकाळी पार्कात कुणीतरी टेंभेकरांना म्हणालं, अहो, तुमच्याकडे आजारी कोण आहे? टेंभेकरांनी तावातावानं फोन काढला, उघडला आणि वाचता वाचता थांबले. भिंग काढलं. भिंगातूनही तेच होतं: 'आजारपण असल्यास क्वार्टर आणखी एक वर्ष.'

"सकाळी असं नव्हतं," ते म्हणाले.

"चूकमास्तर, आज तुम्हीच चुकले की काय!" कुणीतरी म्हणालं आणि सगळा बाक हसला. प्रेमानंच हसला, जिलबी सगळ्यांच्या पोटात होती. मी तिथेच उभा होतो. हसलो नाही. बोललोही नाही.

दुसऱ्या ट्रकवर सामान चढवायला मी गेलो. त्यांचा कूलर मी आणि ड्रायव्हरनं उचलला. टेंभेकरांनी भिंग कुठल्याशा पोत्यात टाकून दिलं होतं. "आता वाचन बंद," म्हणाले. "डोळ्यांना नाही ते दिसून राहिलं. अंक पाठवू नका म्हणा बाईंना." आणि माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही भला माणूस. एकटे तुम्हीच हसले नाही."

बाई परत आल्या त्या काळा चष्मा लावून. स्टेशनवरून थेट आमच्याकडे; पार्कातली हकिकत त्यांना फोनवरच कळली होती. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "टेंभेकर चुकीचं वाचतील? कोणी सांगितलं?"

"पार्कात सगळे म्हणतात."

"आपण छापलं होतं का तसं?"

"छापील अंक बघा ना बाई. बरोबर आहे."

छापील अंक बरोबरच होता. बाईंनी तो काळा चष्मा वर करून एका डोळ्यानं वाचला. मग माझा संगणक पाहिला; तिथेही बरोबर. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, त्याच एका डोळ्यानं.

"ठीक आहे," म्हणाल्या. "पडताळा नाही."

आणि त्या महिन्याच्या कोपऱ्यात त्यांनी एक ओळ कोरी सोडायला लावली. तिन्ही रकाने रिकामे.

"ही कशाची?" मी विचारलं.

"बदल झालेला आहे, पण कागद हाती आला नाही, असं असलं की ड्रॉइंगमध्ये जागा सोडतात. आला की भरू."

पुढे प्रत्येक अंकात ती कोरी ओळ राहिली. वाचकांत तर्क सुरू झाले. कुणी म्हणे छपाईचा दोष, कुणी म्हणे बाई कुणाला तरी धमकावताहेत. एकानं विचारलं, ती जागा भाड्यानं मिळेल का, शिकवणीची जाहिरात द्यायची आहे. दर महिन्याला ती ओळ माझ्या हातानं मी मांडायचो. रेघा सरळ आहेत ना बघायचो. बाई कधी काही म्हणाल्या नाहीत. मी वड्या खात राहिलो.

मोबाइलवरच्या कोपऱ्याचा निकाल त्यांनी एका वाक्यात लावला. "दुमडता येत नाही ना? मग आधी कोपराच दाखवा." म्हणजे 'वसाहत' उघडली की पहिल्यांदा पडदाभर फक्त चुका. अंगठ्यानं त्या बाजूला सारल्या तरच मासिक दिसणार. मी म्हटलं, लोक पळून जातील. लोक आले. बंगलोरहून, अमेरिकेहून, वसाहतीत वाढलेली मुलं नुसता कोपरा वाचायला उघडू लागली, मग त्यांना चुका सापडू लागल्या, मग तिसऱ्या रकान्यात त्यांची नावं. एकीनं तिकडच्या पहाटे उठून कळवलं की फोटोतलं झाड गुलमोहर नाही, शिरीष आहे, त्यावरून मी पडले होते. मासिक जगलं. माझ्या दोन ओळींच्या सुबक मथळ्यांमुळे जगलं असं मला कुणी कधी सांगितलं नाही, आणि ते बरोबर आहे.

मग काही वर्षांनी बाईंचे गुडघे गेले, आणि साकेत नगरचे जिने त्यांच्याच्यानं चढवेनात. बहिणीनं नागपूरला बोलावलं. मासिक मी सांभाळावं असं सगळे म्हणू लागले. बाई सोडून सगळे. त्यांनी मला कपाटं दिली, जुने अंक दिले, प्रेसवाल्याला सांगून ठेवलं. पण "आता तुम्ही पाहा" हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. पट्टीही पर्समध्येच राहिली. शेवटच्या अंकात मी बातमी दिली: 'देशकरबाई मंगळवारी नागपूरला जात आहेत.'

ट्रक आला बुधवारी.

ड्रॉइंगचा बोर्ड मागे उभा बांधला होता. बाई ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या. चढवायला मी, ड्रायव्हर आणि खालच्या मजल्यावरचे घरमालक लागलो. बसल्याबरोबर खिडकीतून म्हणाल्या, "मंगळवार छापलं होतं. दुरुस्ती लावा."

"कोणी सांगितलं लिहू?"

"सुमती देशकर. अजून कोण?"

ड्रायव्हरनं चावी फिरवली. इंजिनाच्या आवाजात मी म्हटलं, "बाई, एक जुनी राहिलीय."

"काय?"

"एक जुनी! कोऱ्या ओळीतली!"

बाईंनी ड्रायव्हरच्या हातावर पट्टी मारली. "बंद कर रे."

"माताजी, नो एंट्री लग जाएगी..."

"लगने दे. दुरुस्ती चल रही है."

एकदम शांत झालं. मी सांगितलं. मथळा, 'मात्र', भात, पार्क, कूलर. घरमालक तोंड उघडं टाकून ऐकत होते. बाईंचा चेहरा बदलला नाही.

"मला सांगून काय होते?" त्या म्हणाल्या. "वाचक मी होती का? लावा फोन."

टेंभेकरांनी फोन उचलला. मी पुन्हा सगळं सांगितलं, रस्त्यात उभा राहून, मोबाइलचा आवाज मोठा करून, कारण बाईंनी तो मोठा करायला लावला. "म्हणजे काका, तुम्ही बरोबर वाचलं होतं. सकाळी तसंच होतं. 'निवृत्तांना क्वार्टर आणखी एक वर्ष.' मी नंतर बदललं आणि बोललो नाही."

पलीकडून टेंभेकरांचा आवाज आला, तपासनीसाचा.

"चूक."

"काय?"

"तसं नव्हतं. '*सर्व* निवृत्तांना' होतं. सर्व. पहिल्या ओळीत पहिला शब्द. सर्व नसतं तर मी ट्रक परत पाठवला असता का जी?"

आणि मला आठवलं. होता. पहिली ओळ दुसरीपेक्षा जरा आखूड पडत होती, चौकोन उजवीकडे रिकामा दिसत होता. भरायला म्हणून मी तो शब्द घातला होता. मूळ बातमीत तो नव्हताच. इतक्या वर्षांत स्वतःशी कबुली देतानाही मी तो गाळत आलो होतो. तिकडे अमरावतीला ज्या माणसाच्या डोळ्यांना नसलेलं दिसत होतं, त्याला तो जागेसकट पाठ होता.

"होता," मी म्हटलं. "सर्व होता. तो मीच घातला."

"मग तसं लिहा," टेंभेकर म्हणाले. "आणि अंक चालू करा. माझा पत्ता तुमच्याकडे जुना असेल, तोही चुकीचा छापाल."

ट्रकच्या खिडकीत बाई हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांना पदर लावून; हसत होत्या की काय, याचा पडताळा माझ्याकडे नाही.

"लिहून घ्या आता," त्या म्हणाल्या. "काय छापलं, काय आहे. तिसऱ्यात तुमचं नाव." मग कपाळाला आठ्या घातल्या. "काय आहे हो तुमचं नाव?"

"अविनाश."

"कोणी सांगि..." त्या म्हणायला लागल्या आणि थांबल्या. "बरं. अविनाश."

ड्रायव्हरनं पुन्हा चावी फिरवली. ट्रक हलला, मी दोन पावलं बरोबर चाललो. पर्सची कधीच पूर्ण न लागणारी चेन उघडून बाईंनी पट्टी काढली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली. मी काही बोलायच्या आत ट्रक वळणावर पोचला. बोर्डाची मागची बाजू दिसली, मग खिडकीतून बाहेर आलेलं डोकं, वाऱ्यानं उडालेला पदर एका हातानं धरलेला.

"शून्य घासलं आहे!" त्या ओरडल्या. "एकपासून मोजत जा!"